चादरीखाली ज्वारी

वनजा चैत्रात घरी आली तेव्हा
डोळ्यांभोवती चष्म्याएवढी गोरी कातडी उरली होती,
बाकीचं तोंड भाजलेलं.
शेजारची पोशव्वा म्हणाली, बर्फात राहून पोरगी करपली कशी?
तिथं ऊन खालूनही लागतं, मावशी.

संध्याकाळी गच्चीवर सहा पोरं आली,
मे महिन्यात हिमाचलात जाणारी, पायांत नवे बूट.
सोलापूर त्रेचाळीसवर. पाणी मारलं तर
फरशी चुर्र म्हणाली.

वनजानं बाजेवरची फळी काढली,
एक चादर ताणून फळीला बांधली,
आईच्या डब्यातली दोन ओंजळ ज्वारी तिच्यावर पसरली
आणि वर दुसरी चादर, जाड, मोरांची,
माझ्या हाताखालून निघालेली.
"खालचा बर्फ डिसेंबरचा.
मधला थंडीनं दाणेदार झालेला, कुणी कुणाला धरत नाही.
वरचा नंतर पडलेला.
तुम्हाला दिसणार फक्त पांढरं."

मग फळीचं एक टोक उचलत गेली.
काही नाही.
आणखी थोडं. काही नाही.
चिलक्यांचा धाकटा हसला.
तिशीच्या पुढं कुठंतरी
मोर निघाले.
सगळे एकदम, एका तुकड्यात,
आणि त्याच्या नव्या बुटांवर येऊन पडले.

"आभाळ मोकळं असेल तर रात्री बर्फ आवळतो.
तीनला निघायचं. ऊन उतारावर यायच्या आत पलीकडं.
ओलांडताना एकेकानं, बाकीच्यांनी नजर त्याच्यावर.
बूट घोट्याच्या वर रुतला,
वरून लाडूएवढे गोळे घरंगळायला लागले, की फिरायचं.
आणि रात्रभर ढग राहिले तर तंबूत चहा करून प्यायचा."
"एवढ्या लांब जाऊन?"
"एवढ्या लांब जाऊन."

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो होतो.
मला ठाऊक असलेला बर्फ म्हणजे
भुशात गुंडाळून हातगाडीवरून येणारी लादी,
अशोक चौकापर्यंत निम्मी गळालेली.
पण ती पुढं म्हणाली,
"कधी पायाखाली ठप्प असा आवाज होईल,
सगळं बोटभर खाली बसल्यासारखं.
तो बर्फ बोलतोय. तेव्हा वाद घालायचा नाही."

हे मला कळलं.
बत्तीस वर्षं मागांच्या मधे उभा आहे,
घरचे म्हणतात कान गेले,
पण ताण्यातला एक धागा तुटला
तर माझ्या पाठीला ऐकू येतं.

पोरं गेल्यावर आम्ही दोघं बॅटरी लावून ज्वारी वेचत बसलो.
वेचता वेचता ती म्हणाली,
"नोर्बूला ऐकू आलं होतं, नायना.
त्यानं हात वर केला होता.
मागच्यांना वाटलं, या म्हणतोय."
मी विचारलं नाही.
"छातीवरची यंत्रं होती, काठ्या होत्या, फावडी होती.
पहिल्या पंधरा मिनिटांत काढलं तर माणूस बहुधा हाती लागतो.
आम्हाला बावीस लागली."
फरशी अजून गरम होती.
ती एक दाणा बोटांत धरून फिरवत राहिली,
मग डब्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी माग सुरू केला,
उन्हाळ्यात आम्ही तसेच करतो,
आणि अकराला बंद.
मालक म्हणाला, अजून दोन चादरी निघाल्या असत्या.
म्हटलं, ऊन उतारावर आलंय.
त्याला वाटलं, मला भोवळ आली.

आता ती परत तिकडं आहे.
पोरांचा एक फोटो आला, तंबूत, सहा कप, मागं ढग.
मोरांची चादर धुतली, झटकली, उन्हात टाकली,
तरी गच्चीवर अनवाणी चालताना
अजून एखादा दाणा तळव्याखाली येतो.
मी तिथंच थांबतो.
ऐकतो.